रंगावलीच्या काठी पुस्तकांची राखण

धुळ्याहून सुरतेच्या रस्त्याने एस.टी. निघाली की साक्री आणि दहिवेल मागे पडतात व कोंडाईबारीचा घाट लागतो. घाट उतरला की विसरवाडी आणि त्यापुढे नवापूर. गाव महाराष्ट्राच्या अगदी टोकाचे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून हा तालुका नंदुरबारात आहे. बाजारात उभे राहिले तर मराठी, गुजराती, अहिराणी, मावची अशा चार बोली एकाच दुकानापुढे कानावर येतात. रेल्वे स्टेशनची गंमत तर सर्वश्रुत आहे. १९६० साली दोन राज्ये झाली आणि सीमारेषा थेट फलाटावरून गेली. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तर गुजरातेत! एकाच बाकावर बसलेले दोन प्रवासी दोन राज्यांत असतात.

पाण्याला मात्र सीमा ठाऊक नसते. गावाला लागून रंगावली वाहते आणि पुढे गुजरातेत उकाईच्या जलाशयात मिळते. उन्हाळ्यात पाहिली तर ही नदी कोणाला त्रास देईल असे वाटत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये एका रात्रीच्या अतिवृष्टीने तिने नवापुरात काठच्या वस्त्यांत पाणी घातले. तिकडे विसरवाडीला सरपणी नदी कोपली. माणसे दगावली, घरे वाहून गेली, गुरे गेली. अशा वेळी पुस्तकांचे काय झाले हे कोण विचारणार? आणि विचारूही नये, माणूस आधी. पण माणसे सावरल्यावर दुसऱ्या दिवशी तरी तो प्रश्न कोणी विचारलाच पाहिजे.

एका वस्तीतील लहान वाचनालयाच्या हिशेबाच्या वह्या तपासून द्याव्यात म्हणून मला बोलावणे आले होते. मी पेशाने कारकून, त्यामुळे कपाट उघडले की माझी नजर आधी रजिस्टरांकडे जाते. वरच्या कप्प्यात क्रीडास्पर्धेच्या ढाली होत्या, मधल्या कप्प्यांत कथा-कादंबऱ्या आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तके. सर्वांत खाली, जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर, दाखल नोंदवही, महिला मंडळाची इतिवृत्ते, जुन्या जयंत्यांच्या स्मरणिका, एका शिक्षकाने लिहून ठेवलेली मावची गाण्यांची वही आणि फोटोंचे एक पाकीट. म्हणजे बाजारात पुन्हा मिळेल ते उंचावर आणि जगात कोठेही मिळणार नाही ते पाण्याच्या वाटेवर!

पाण्यात गेलेले कागद

आपल्या समाजाला हे दुःख नवे नाही. १९१७ साली बाबासाहेब लंडनहून परतले तेव्हा त्यांची पुस्तके व सामान वेगळ्या बोटीने निघाले होते. महायुद्धात ती बोट टॉर्पेडोने बुडाली. पोटाला चिमटा घेऊन जमवलेला तो संग्रह समुद्राने गिळला. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९६७ मध्ये, दिल्लीच्या २६ अलीपूर रोडवरील घरातून सामान बाहेर काढले गेले. तेव्हा त्यांची कागदपत्रे उघड्यावर पडून पावसात भिजली, असे त्यांचे सचिव नानकचंद रत्तू यांनी नोंदवले आहे. उरलेल्या कागदांतूनच पुढे त्यांचे अप्रकाशित लेखन छापले गेले. त्या पावसात काय विरघळले ते आता कोण सांगणार?

महाराष्ट्रातील ग्रंथालयांनी हेच भोगले आहे. चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचे. जुलै २००५ च्या पुरात त्याचे मोठे नुकसान झाले. कार्यकर्त्यांनी ते पुन्हा उभे केले, तोच २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी परत आत शिरली. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या महापुरात सांगली जिल्हा नगर वाचनालयाचे जुने ग्रंथ चिखलात गेले. ही मोठी ग्रंथालये, त्यांच्यासाठी राज्यभर हळहळ झाली. वस्तीतल्या दोन कपाटांच्या वाचनालयासाठी कोण हळहळणार? त्याची तयारी त्यालाच करावी लागेल.

इटलीतील फ्लॉरेन्स शहरात ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नो नदी राष्ट्रीय ग्रंथालयात घुसली आणि दहा लाखांहून अधिक ग्रंथ व कागदपत्रे भिजली. देशोदेशीचे तरुण धावून गेले. तळघरापासून वरपर्यंत साखळी करून हातोहात त्यांनी पुस्तके बाहेर काढली. लोक त्यांना चिखलातले देवदूत म्हणू लागले. पण नुसती तळमळ पुरत नाही, हेही तेथेच कळले. पुढची कित्येक वर्षे दुरुस्तीची कामे चालली आणि भिजलेल्या ग्रंथांचे आजचे शास्त्र त्यातूनच उभे राहिले. रोम येथील इक्रोम ही आंतरराष्ट्रीय संस्था आता आपत्तीतील सांस्कृतिक ठेव्याच्या प्रथमोपचाराचे प्रशिक्षण देते. आपल्याकडे दिल्लीचे राष्ट्रीय अभिलेखागार कागद जतनाचे वर्ग चालवते.

दोन दिवसांचा हिशेब

या शास्त्राचे सार एका वाक्यात सांगता येते. पावसाळी उकाड्यात ओल्या कागदाला दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. म्हणजे जे करायचे ते पहिल्या दोन दिवसांत. आणि त्या दोन दिवसांत शिकत बसायला वेळ नसतो. म्हणून शिकायचे ते आधी.

पहिले काम विजेचा मेन स्विच बंद आहे ना आणि भिंतींना तडे नाहीत ना हे पाहण्याचे. पुराच्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, म्हणून पायात बूट, हातात मोजे, तोंडाला मास्क. पायाला जखम असेल त्याने पाण्यात उतरूच नये. नवापूरकरांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. फेब्रुवारी २००६ मध्ये देशात प्रथमच बर्ड फ्लू सापडला तो याच तालुक्यातील कोंबड्यांत. नखशिखांत पांढरे पोशाख घातलेली पथके तेव्हा गावाने पाहिली आहेत.

काही हलवण्याआधी फोटो काढावेत, कारण पंचनाम्याला आणि पुढे बाद पुस्तकांच्या मंजुरीला तेच उपयोगी पडतात. भिजलेले पुस्तक आपल्या कोरड्या वजनाच्या निम्म्याहून अधिक पाणी पिऊ शकते. ते फुगते आणि कपाटात घट्ट बसते. त्याला वरून ओढले तर पाठ हातात येते, म्हणून आधी बाजूची पुस्तके सैल करावीत. खोके अर्धेच भरावे. चिखल लागलेले छापील पुस्तक न उघडता, घट्ट दाबून धरून स्वच्छ पाण्यात धुवावे. शाईने लिहिलेली वही मात्र कधीही धुऊ नये, अक्षरच निघून जाईल. चकचकीत कागदाचे अंक वाळताना विटेसारखे चिकटतात. त्यांना आणि ज्यांच्याकडे आज पाहणे शक्य नाही अशा पुस्तकांना प्लास्टिकच्या पिशवीत घालून आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीझरमध्ये ठेवावे. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही, पुढे सवडीने थोडे थोडे वाळवता येते.

वाळवायचे ते सावलीत, वाहत्या हवेत, पंख्याखाली. कडक उन्हात पुठ्ठे वाकतात. मधून मधून कोरा कागद घालावा आणि तो ओला झाला की बदलावा. छापलेले वर्तमानपत्र नको, त्याची शाई उतरते. छापखान्यात न्यूजप्रिंटच्या रिळांचे कोरे तुकडे मिळतात. आणि वाळवणाची कला आपल्या मायबहिणींना कोणी शिकवावी? नंदुरबारच्या मिरचीच्या पथाऱ्यांवर ज्यांनी काम केले, ज्यांनी मोहाची फुले वाळवली, त्यांना थर पातळ हवा, उलथापालथ हवी, ओले आणि सुकत आलेले एकत्र नको, हे पाठ आहे. या कामात त्यांचा शब्द अखेरचा मानावा.

प्रत्येकाला एकच काम

त्या वाचनालयात आम्ही दहा-बारा जणांनी एका रविवारी सराव केला. रद्दीतली तीस-चाळीस पुस्तके टबात भिजवली, त्यावर माती टाकली आणि कामाला लागलो. पहिल्या अर्ध्या तासात नुसता गोंधळ. सगळेच उचलायला धावले, लिहायला कोणी नाही. कोणते पुस्तक कुठल्या कपाटातले, कोणी नेले, काही पत्ता नाही. मग कामे वाटली. एक प्रमुख, निर्णय त्याचाच. एक जण फक्त नोंद करणारा. चौघे साखळीत, दोघे धुणार, तिघी वाळवणार, एक जण चहा-पाणी आणि माणसांची विश्रांती पाहणार. दर दोन तासांनी पाळी बदलायची. दुसरा अर्धा तास वेगळाच गेला. त्याच माणसांकडून तेच काम शिस्तीत झाले.

मी नोंद करणाऱ्याचा आग्रह धरतो तो कारकून म्हणून नव्हे. १९८८ मध्ये लेनिनग्राडच्या विज्ञान अकादमीच्या ग्रंथालयाला आग लागली आणि विझवण्याच्या पाण्याने असंख्य पुस्तके भिजली. तेव्हा नागरिकांनी पुस्तके घरी नेली, वाळवली आणि परत आणून दिली. आपल्या वस्तीतही प्रत्येक घर पाच पुस्तके वाळवू शकते. पण कोणाकडे काय गेले ही यादी हवी. आणि यादीचा आधार म्हणजे दाखल नोंदवही. ती गेली तर काय गेले हेही कळणार नाही आणि शासकीय अनुदानाचे कागदही अडतील.

त्या दिवशी संध्याकाळी ढाली खाली आल्या. नोंदवही, इतिवृत्ते, गाण्यांची वही आणि फोटो वरच्या कप्प्यात गेले. जे पुन्हा विकत मिळणार नाही अशा वीस वस्तूंची यादी झाली. नोंदवहीची झेरॉक्स प्रत उंचावरच्या वस्तीतील एका घरी ठेवली. मुलांनी मोबाइलवर पानोपानी फोटोही काढून घेतले. खर्च किती? झेरॉक्सचे पैसे आणि दोन वेळचा चहा.

समाजबांधवांनो, आपल्या गावात, विहारात, वस्तीत जे वाचनालय आहे ते कोणाच्या देणगीच्या मोठ्या रकमेतून आलेले नाही. मजुरी करणाऱ्यांनी रुपया-रुपया घालून ते उभे केले. पहिल्यांदा शाळेची पायरी चढलेली मुले-मुली तेथे बसून अभ्यास करतात. पाऊस कोणाच्या हातात नाही, पण कपाटाचा खालचा कप्पा आपल्या हातात आहे. यंदा मृग नक्षत्र लागण्याआधी एक रविवार काढा. खालचा कप्पा रिकामा करा, यादी करा, कामे वाटा, एकदा सराव करा. नदी आली तर प्रत्येकाला आपली जागा ठाऊक असेल. नाही आली तर निदान वाचनालय झाडून स्वच्छ होईल.