पाय टेकवू नका

तुमच्यापैकी जे लातूर-नांदेडकडचे असतील, त्यांना काळ्या दगडाची ओळख करून द्यावी लागणार नाही. आपल्या विहिरी त्यातच खोदलेल्या आणि जुन्या घरांच्या भिंतीही त्याच्याच. माझ्या मनात मात्र या दगडाविषयी बराच काळ केवळ भय होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून गाव झोपलेले असताना, किल्लारीचा भूकंप झाला. मी दहा वर्षांची होते. औसा तालुक्यातील आमच्या घराच्या अंगणात झोपले होते, म्हणून वाचले. आजी आत होती. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरचे जड माळवद तिच्यावर आले. पुढे मला नांदेडला मावशीकडे ठेवले. तेथे कित्येक महिने खाटेवरून उतरताना मी पाय टेकवण्याआधी हाताने फरशी चाचपून पाहत असे.

हे सारे पुन्हा आठवण्याचे कारण एक प्रवास आहे. मी टपाल खात्यात नोकरी करते. २०१९ च्या जानेवारीत प्रवास-सवलत घेऊन आम्ही उभयता अंदमानला गेलो. तेव्हाच्या पोर्ट ब्लेअरपासून सुमारे १४० किलोमीटरवर बॅरन नावाचे निर्जन बेट आहे. तो भारतातील एकमेव जागृत ज्वालामुखी. दीडशेहून अधिक वर्षे शांत राहून १९९१ मध्ये तो पुन्हा उसळला. बेटावर उतरण्यास मनाई असल्याने ते नौकेतूनच पाहावे लागते. सकाळच्या उजेडात समुद्रातून वर आलेला काळा डोंगर दिसला. माथ्यावर धुराची बारीक रेघ होती आणि उतारावरून गोठलेला लाव्हा थेट पाण्यापर्यंत आला होता.

"हा बेसाल्ट," मार्गदर्शक म्हणाला.

मी चमकले. हा तर आमच्या भिंतींचा दगड! दख्खनचे पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वाहिलेल्या लाव्ह्याच्या थरांनी बनले, हे आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेले असते. बॅरनची घडण निराळी आहे. तेथे एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकतो. किल्लारीच्या भूकंपाचाही ज्वालामुखीशी संबंध नव्हता. तरीही दगडाचे कूळ एकच होते. आजीवर कोसळलेला दगड कधीकाळी असाच वाहत आला असेल, हे मला त्या दिवशी प्रथम उमगले.

दोन दिवसांनी वंडूरहून आम्ही जॉली बॉय बेटाकडे निघालो. हे बेट १९८३ मध्ये स्थापन झालेल्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात येते. प्लास्टिक नेऊ नये म्हणून नौकेत चढण्यापूर्वी सामान तपासतात. तेथे स्नॉर्कल लावून प्रवाळ पाहता येतात. मी नको म्हणत होते. ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे मी पोहायला कोठे शिकणार? पण मार्गदर्शक तरुण धीराचा होता. डोळ्यांवर मुखवटा बसवत तो म्हणाला, "दीदी, दोनच गोष्टी लक्षात ठेवा. श्वास तोंडाने घ्या आणि पाय टेकवू नका."

पाण्यात उतरताच मी नेमके तेच विसरले. नळीत पाणी शिरले आणि माझा पाय आपोआप तळ शोधू लागला. त्याने चटकन माझा घोटा धरून वर उचलला. खाली प्रवाळ होते. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे. लहान लहान जिवांनी चुना साठवत बांधलेली ती वसाहत असते. एका पावलाने कित्येक वर्षांची वाढ मोडते. हे ऐकल्यावर मी रबरी चक्र धरून पाण्यावर आडवी झाले. आधार नव्हता तो फक्त पायांना. खाली एक पोपटमासा प्रवाळ कुरतडत होता आणि त्याचा करकर आवाज पाण्यातून मला स्पष्ट ऐकू येत होता. समुद्रफुलाच्या बोटांत नारिंगी-पांढरे मासे लपत होते. किती वेळ गेला कोण जाणे. नंतर लक्षात आले की मघापासून मी पायांचा विचारच केला नव्हता.

परतल्यावर डार्विनविषयी वाचले. ज्वालामुखी बेट हळूहळू खचत जाते, त्याच्या काठचे प्रवाळ मात्र वर वाढत राहतात आणि डोंगर बुडाला तरी त्यांचे कडे उरते, असे त्याने १८४२ मध्ये मांडले होते. ते वाचून मी पुस्तक मिटले आणि पुढच्या रविवारी जुन्या गावठाणात गेले. गाव केव्हाच दुसरीकडे वसले आहे. आमच्या घराच्या जागी दगडांचा ढीग आहे व त्यात बाभळी उगवल्या आहेत. भय गेले, असे मी म्हणणार नाही. मी चपला काढल्या आणि त्या दगडांवर, हाताने न चाचपता, पाय टेकवला. ऊन बरेच झाले होते. दगड तापला होता.