ऱ्हाईनवरची निळी खूण

मुलगी आणि जावई जर्मनीत फ्रांकफुर्टला नोकरीला आहेत. यंदा बागेची खरड छाटणी उरकली आणि सौ.च्या आग्रहाने आम्ही दोघे महिनाभर तिकडे राहून आलो. "बाबा, तुम्हाला द्राक्षांचे डोंगर दाखवतो," असे म्हणून जावयांनी एका रविवारी आम्हाला रेल्वेने सांक्ट गोआर्सहाउझन या ऱ्हाईनकाठच्या गावी नेले.

ऱ्हाईन ही तिकडची मोठी नदी. स्वित्झर्लंडच्या आल्प्स पर्वतात उगम पावते आणि सुमारे १,२३० किलोमीटर वाहत जाऊन नेदरलँड्समध्ये समुद्राला मिळते. या गावाजवळ दोन्ही बाजूंच्या डोंगरांत ती अगदी चिंचोळी होते. उतार इतके उभे, की चढताना शेळीलाही धाप लागावी. पण तिथल्या शेतकऱ्यांनी दगडी ताली रचून त्यावर द्राक्षवेली लावल्या आहेत. आसपास नदीवर पूल नाही. माणसे आणि मोटारी तरीतूनच पैलतीरी जातात.

नदीवर लांबच लांब मालवाहू जहाजांची रीघ लागलेली. खडी, कोळसा, धान्य, पेट्रोल, सारे पाण्यावरून चाललेले. सौ.चे लक्ष मात्र निराळीकडेच. "अगबाई, त्या जहाजावर कपडे वाळत घातलेत!" खरेच होते. खिडक्यांना पडदे, फुलांच्या कुंड्या, छपरावर चक्क मोटारगाडी. पुष्कळ जहाजांवर नवरा-बायको मिळून संसारही करतात आणि जहाजही चालवतात.

तेवढ्यात एक टँकर जहाज आले. त्याच्या काठीवर टोक खाली केलेला एक निळा शंकू लटकत होता. मला वाटले, काही नवसाबिवसाचे असेल! जावई हसले. म्हणाले, "बाबा, ती धोक्याची खूण आहे. एक शंकू म्हणजे पोटात पेट्रोलसारखा पेट घेणारा माल. दोन शंकू म्हणजे अमोनियासारखा जिवाला घातक माल. तीन शंकू म्हणजे स्फोटके. रात्री शंकूंच्या जागी निळे दिवे लावतात."

ही खूण नुसती शोभेची नाही. असे जहाज काठाला लागले असेल, तर दुसऱ्यांनी आपले जहाज किती दूर ठेवायचे, हे त्यावरून ठरते. एका शंकूला १० मीटर, दोनाला ५०, तिनाला १००. दोन शंकू लावणे भाग असलेल्या टँकरवर चौदा वर्षांखालील मुलाला राहू देत नाहीत. ते ऐकून सौ. म्हणाली, "म्हणजे जहाजावर घर असले, तरी लेकराला दुसरीकडे ठेवायचे! योग्यच आहे म्हणा."

गावाच्या वरच्या अंगाला लोरेलाय नावाचा सुमारे १३२ मीटर उंचीचा कडा नदीत घुसला आहे. तिथे नदी वळते आणि वळणापलीकडचे दिसत नाही. म्हणून काठावर दिव्यांचे इशारे लावले आहेत. समोरून कोण येत आहे, हे वर चढणाऱ्या जहाजाला त्यावरून कळते.

एवढा बंदोबस्त असूनही याच ठिकाणी १३ जानेवारी २०११ च्या पहाटे ‘वाल्डहोफ’ नावाचे टँकर जहाज उलटले. पोटात सुमारे २,४०० टन गंधकाम्ल, म्हणजे सल्फ्युरिक ॲसिड. आपण शेतात टाकतो ते सुपर फॉस्फेट बनवायला हेच आम्ल लागते. चौघा खलाशांपैकी दोघे वाचले, दोघांचा जीव गेला. सुमारे महिनाभर नदीची वाहतूक खोळंबली आणि शेकडो जहाजे अडकून पडली.

दोष वळणाचा, पुराच्या पाण्याचा, की चालवणाऱ्याचा? चौकशीत निघाले ते वेगळेच. जहाज बंदरातून निघाले तेव्हाच त्याचा तोल पुरेसा नव्हता. गंधकाम्ल पाण्याच्या पावणेदोन पटींहून जड. टाक्या काठोकाठ भरल्या तर जहाज बुडेल, म्हणून त्या अर्धवट भरायच्या. पण अर्धवट टाकीतला द्रव हिंदकळतो. जहाज कलले की सारा भार त्याच बाजूला धावतो आणि ते आणखी कलते.

हे ऐकले आणि मला आमचा टँकर आठवला. चार वर्षांपूर्वी फवारणीचे पाणी नेताना आमच्या पुतण्याचा अर्धा भरलेला टँकर पाटाच्या वळणावर कलंडला. त्याने ट्रॅक्टरवरून उडी मारली म्हणून वाचला. आम्ही सर्वांनी वळणाला शिव्या दिल्या. टँकर भरताना चूक झाली असेल, हे कोणाच्या डोक्यातही आले नाही.

तिकडच्या लोकांनी मात्र धडा घेतला. ऱ्हाईनवरच्या वाहतुकीसाठी काठच्या देशांचा आयोग १८१५ पासून आहे. घातक माल नद्यांवरून नेण्याचा युरोपचा करार २००० साली जिनिव्हात झाला आणि २००८ साली अमलात आला. त्यानुसार अशा जहाजावर शिकून परीक्षा दिलेला एक जाणकार असावाच लागतो आणि दर पाच वर्षांनी त्याला उजळणी करावी लागते. अपघात झाला तर काय करायचे, याचा कागद जहाजवाल्याला वाचता येईल अशा भाषेत हवा. बहुतेक घातक द्रवांसाठी दुहेरी कवचाची जहाजे आली. ‘वाल्डहोफ’नंतर, निघण्यापूर्वी तोलाचा हिशेब करण्याचे नियमही कडक झाले. आपल्या देशातही १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ साली अंतर्देशीय जहाजांचा नवा कायदा आला आहे.

परत येताना गाडीत मी विचार करत होतो. त्या जहाजवाल्याला आपल्या पोटातला धोका चारचौघांत टांगायला लाज वाटत नाही. आपण मात्र कीटकनाशकाचा डबा गूळ-शेंगदाण्यांच्या पिशवीत घालून एस.टी.ने आणतो आणि उरलेले औषध पाण्याच्या बाटलीत ओतून खिडकीत ठेवतो. वास्तविक आपल्याही डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. बाटली बदलली की ती खूणच पुसली जाते.

घरी आल्यावर पहिले काम केले. औषधे मूळ डब्यांतच ठेवून कुलपात टाकली. आणि पुतण्याला बजावले, "टँकर भरायचा तर पूर्ण भर. अर्धाच न्यायचा असेल, तर वळणावर बैलाच्या चालीने चाल."