शेजारी बसलेले माणूस

इंदूरहून झाबुआला जाताना धार मागे पडले की माळव्याची काळी जमीन हळूहळू संपते आणि उघड्या टेकड्यांचा भिल्ल मुलूख सुरू होतो. अंतर म्हणाल तर सुमारे दीडशे किलोमीटरचे. सरकारी शाळेतील माझ्या नोकरीची चार वर्षे ह्या टेकड्यांत गेली. बदलीचा हुकूम आला तेव्हा घरात सुतक पडल्यासारखे झाले होते. "अगं, तिथं शिकवायचं तरी कुणाला?" असे सासूबाईंनी विचारले. १९९१ च्या जनगणनेत त्या जिल्ह्यातील साक्षरता जेमतेम १९ टक्के भरली होती, तेव्हा त्यांचा प्रश्न अगदीच अनाठायी नव्हता. परंतु तेथे गेल्यावर मला उलट प्रश्न पडला. शिकू इच्छिणारी मुले पुष्कळ होती. शिकवणारे कोठे होते?

माझा विषय गणित. आमच्या शाळेत विज्ञानाला कोणी नव्हते. आठ-दहा मैलांवरच्या शाळेत विज्ञानाचे एक उत्तम शिक्षक होते, पण तेथे गणिताला कोणी नव्हते. मधे एक नाला होता. पावसाळ्यात तो भरला की दोन्ही गावे एकमेकांना परकी होत. दोन शाळांपाशी मिळून एक पुरी शाळा होती. पण ती कोणत्याच मुलाच्या वाट्याला येत नव्हती. मी व ते गुरुजी शनिवारी अदलाबदल करू लागलो. पावसाने ती मोडली. माणसाला ओलांडता न येणारा नाला शब्दाला ओलांडता येईल काय, हा विचार तेव्हापासून माझ्या मनात घोळू लागला.

त्याच सुमारास, १९९६ च्या नोव्हेंबरात, 'इस्रो'ने झाबुआ जिल्ह्यात एक प्रयोग सुरू केला. दीडशे खेड्यांत उपग्रहावरून थेट चित्र घेणारे दूरदर्शन संच बसविण्यात आले. कार्यक्रम अहमदाबादच्या स्टुडिओतून निघत. जिल्ह्यातील बाराही विकासखंडांच्या मुख्यालयी आणखी एक सोय होती : समोरच्या पडद्यावर तज्ज्ञ दिसत आणि आपण विचारलेला प्रश्न त्यांना तेथे ऐकू जाई. चित्र एका बाजूने, आवाज दोन्ही बाजूंनी. शिक्षक, अंगणवाडीच्या कार्यकर्त्या, पंचायतीचे सदस्य ह्यांचे वर्ग अशा रीतीने घेतले जात. एका खंडातून विचारलेला प्रश्न उरलेल्या अकरा ठिकाणी ऐकू येई.

ही कल्पना काही एका दिवसात उगवलेली नव्हती. उपग्रहाने खेड्याला शिक्षण द्यावे, हे विक्रम साराभाईंचे स्वप्न. ते १९७१ साली गेले. परंतु १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांना कार्यक्रम दाखविण्यात आले. सकाळचे कार्यक्रम शाळकरी मुलांसाठी असत. आपल्या मध्य प्रदेशातील त्या वेळची गावे रायपूर, बिलासपूर, दुर्ग भागातली. आज ती छत्तीसगडात आहेत. ह्या प्रयोगाचे एक प्रमुख सूत्रधार एकनाथ वसंत चिटणीस हे मूळचे कोल्हापूरचे, हे सांगताना मला थोडा अभिमान वाटतो. त्याच्याही आधी, १९५१ साली, ऑस्ट्रेलियाच्या वैराण प्रदेशात बिनतारी यंत्रावरून दूरदूरच्या मुलांची शाळा भरू लागली होती. नाले सगळीकडेच असतात म्हणायचे!

विकासखंडाच्या सभागृहातील एक दुपार मी विसरू शकत नाही. वर्ग पंचायतीच्या सदस्य स्त्रियांचा होता आणि आम्हां शिक्षिकांना मदतीला बसविले होते. पहिला तासभर कोणी तोंड उघडेना. माझ्या शेजारी एक भिल्ल बाई बसल्या होत्या. डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढलेला. त्या माझ्या कानात हळूच काही बोलल्या. मी म्हटले, "हे तुम्हीच विचारा. मी इथे आहे." यंत्राशी जाऊन त्या उभ्या राहिल्या, त्यांचा हात मी धरून ठेवला होता. त्यांनी विचारले, "आमच्या गावात मास्तर महिन्यातून चार दिवस येतो. हा टीव्ही तरी रोज येईल ना?"

पडद्यावरचे तज्ज्ञ क्षणभर थांबले. मग शाळेवर देखरेख ठेवण्याचा पंचायतीचा अधिकार काय, तक्रार कोठे करावी, हे त्यांनी नीट समजावून दिले. उत्तर चांगले होते. परंतु परत येऊन बसताना बाई मला म्हणाल्या, "बेनजी, तुम्ही हात धरला म्हणून बोलले." हे वाक्य मी कित्येक वर्षे जपून ठेवले आहे.

पुढे खेडोपाडी तेच पाहिले. संच सगळीकडे सारखेच. पण ज्या गावी किल्ली सांभाळणारा मनुष्य कळवळ्याचा होता, वेळेवर कुलूप काढी, कार्यक्रम संपल्यावर लोकांना बोलते करी, तेथे संच पुढे गर्दी असे. जेथे तो मनुष्य नव्हता तेथे संचावर कापड आणि कापडावर धूळ.

त्यानंतर साधने वाढत गेली. २० सप्टेंबर २००४ रोजी केवळ शिक्षणासाठी म्हणून 'एज्युसॅट' हा उपग्रह सोडण्यात आला. २०२० साली महामारीने शाळा बंद झाल्या तेव्हा तर प्रत्येक घरीच वर्ग आला. माझी नात आपल्या खोलीत बसून शिकत होती. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंची मुलगी मात्र वडील रात्री कामावरून परतण्याची वाट पाहत असे, कारण घरातला एकुलता एक फोन त्यांच्याबरोबर जाई. रात्री नऊला तिची शाळा उघडे. तिला मी गणित शिकवू लागले, ओसरीत दोन हात दूर बसून. झाबुआचा नाला इंदूरच्या एका गल्लीतही होता.

ह्याच दिवसांत नातीने मला एक नवा उद्योग लावून दिला. आपल्या मंडळींची मुले गावोगावी विखुरलेली. एका गावी मराठी शिकणारी दोन, दुसऱ्या गावी तीन. तेवढ्यांसाठी शिक्षक कोण ठेवणार? ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद आणि इंदूर येथील सात मुले मी रविवारी पडद्यावर जमविली. स्वयंपाकघरातील वस्तूंची नावे शिकवताना एकीची 'सांडशी' ती दुसऱ्याची 'पक्कड' निघाली, आणि दोघे हट्टाने भांडली. मला फार आनंद झाला. भाषेवरून भांडण होणे हे ती जिवंत असल्याचे लक्षण.

हैदराबादचा मुलगा मात्र तीन महिने गप्प. मला वाटले, त्याला गोडी नाही. मग दोन महिन्यांसाठी त्याची आजी त्यांच्याकडे राहावयास गेल्या. त्या त्याच्या शेजारी येऊन बसू लागल्या, आणि मुलगा बोलू लागला. मी विचारलेले तो आधी आजीला सांगे, मग मला. आजी परत निघाल्या तेव्हा त्याच्या आईला मी फोन केला. "मला शुद्ध मराठी येत नाही हो," ती संकोचाने म्हणाली. मी म्हटले, "शुद्ध मी बघते. तू फक्त त्याच्याजवळ बस." ती बसू लागली, आणि गंमत अशी की आता तीही शिकते आहे.

म्हणून ह्या मासिकाच्या वाचकांपाशी माझे एक मागणे आहे. आपल्या गावी मराठी शिकू पाहणारी दोन-तीन मुले असतील, तर जवळ शिक्षक नाही म्हणून थांबू नका. शिकवू शकणारे निवृत्त लोक आपल्या समाजात पुष्कळ आहेत, आणि त्यांचा आवाज आता कोणताही नाला ओलांडतो. परंतु मुलाला पडद्यापुढे एकटे सोडून आपण दुसऱ्या खोलीत जाऊ नका. तो अर्धा तास त्याच्याशेजारी बसा. बोलता आले नाही तर नुसता हात धरा.