संगणकातील वाद्यवृंद

चित्रपटसंगीत रचू पाहणारे तरुण मला विचारतात, "फादर, कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?" बचतीचा पैसा खर्ची पडणार असतो, म्हणून मी उत्तर जपूनच देतो.

विख्यात संगीतकार हान्स झिमर क्युबेस वापरतात. जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीने ते १९८९ साली आणले. व्हायोलिनचा दीर्घ स्वर, तुटक स्वर, बोटाने छेडलेली तार यांत सहज पालट करण्याची त्यातील सोय वाद्यवृंदासाठी मोलाची आहे. ॲपलचे लॉजिक प्रो तितकेच समर्थ. परंतु ते विंडोजवर चालत नाही. रीपर अल्प किमतीत मिळते व आधी ६० दिवस वापरून पाहता येते.

मात्र ही सारी केवळ कोरी वही होय. खरा नाद वाद्यध्वनींच्या संग्रहातून उमटतो आणि मोठ्या संग्रहाला संगणकाची मेमरीही मुबलक लागते. म्हणून मी सुचवितो : वही स्वस्तातली घ्या, पैसा मेमरी व ध्वनिसंग्रहाकडे वळवा. त्यातूनही थोडा राखून गावातील एखाद्या व्हायोलिनवादकाला मानधन द्या. त्या एका जिवंत गजाने यंत्राच्या सुरावटीत प्राण येतो. शिवाय आपल्या सोयीपायी कुणाचे वाद्य खुंटीला टांगले जात नाही.