पाणी निवळणारी पाहुणी

पाणी स्वच्छ करण्याच्या क्रियेला आमच्या भाषेंत दोन सुंदर क्रियापदें आहेत: गाळणें आणि निवळणें. गाळावयास फडकें लागतें. निवळावयास धीर लागतो, आणि फार तर उगाळलेलें निवळीचें बीं किंवा पाण्यांत फिरविलेला तुरटीचा खडा. परंतु या दोन्ही क्रिया डोळ्यांना दिसणाऱ्या मळापुरत्या आहेत. ज्यांनीं कांचेच्या पेटींत खाऱ्या पाण्यांतले मासे पाळले आहेत त्यांस ठाऊक आहे कीं, तेथील खरा मळ दिसतच नाहीं. पाणी आरशासारखें नितळ असतें आणि मासा मात्र धापा टाकीत असतो. माशांच्या उत्सर्गांतून अमोनिया निघतो. खडकांतील व वाळूंतील सूक्ष्म जंतु त्याचें प्रथम नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. विष सौम्य होतें, पण पेटींतून जात नाहीं. उरल्यासुरल्या अन्नांतील फॉस्फेट त्यांत आणखी मिळतें. हा विरघळलेला मळ फडक्यानें गाळला जात नाहीं आणि निवळीनें तळाशीं बसत नाहीं. तो कोणीतरी खावा लागतो.

आमच्या पुण्याच्या घरीं गेलीं चार वर्षें हें खाण्याचें काम झेनिया नांवाची मृदु प्रवाळाची एक जात करीत आहे. प्रवाळ म्हटलें कीं अंगठींतलें पोंवळें डोळ्यांपुढें येतें. झेनियेला तसला दगडी सांगाडा नाहीं. मांसल देंठ, त्याच्या टोकाशीं फुलांसारख्या जिवांचा झुबका, आणि प्रत्येक जिवाला पिसासारखे आठ हात. हे हात सारखे मिटतात आणि उघडतात. पाहणाऱ्यास वाटतें, ती भक्ष्य धरीत आहे; परंतु घास धरतांना आम्हीं तिला एकदांही पाहिलेलें नाहीं. तिच्या देहांत सूक्ष्म शैवाल बिऱ्हाड करून असतें. उजेडावर तें साखर तयार करतें आणि घरभाडें म्हणून तिला देतें. दोघांनाही वाढण्यास लागणारा नायट्रोजन व फॉस्फरस भोंवतालच्या पाण्यांतून शोषला जातो. मग हातांची ही उठाठेव कशासाठीं? इस्रायलमधील संशोधकांनीं तांबड्या समुद्रांत, एलातजवळ, हिच्या एका निकटच्या नातलगाचें निरीक्षण करून २०१३ सालीं असें दाखविलें कीं, या हालचालीनें शैवालाभोंवतीं सांचलेला प्राणवायु दूर लोटला जातो व त्याचें प्रकाशसंश्लेषण कित्येक पटींनीं वाढतें. अहोरात्र चाललेला हा उद्योग दुपारीं थोडा वेळ मात्र थांबतो, असेंही त्यांना आढळलें. प्राध्यापकाच्या घरीं राहण्यास याहून लायक प्राणी कोणता?

हिचें नांव लामार्कनें १८१६ सालीं ठेवलें. ग्रीक भाषेंत ‘झेनिया’ म्हणजे अतिथिसत्कार. त्या पंडिताच्या मनांत कांहीं असो, शैवालाला घरांत ठेवून घेणाऱ्या प्राण्यास हें नांव शोभतें खरें.

जिवंत वस्तूंकडून पाणी राखून घेण्याची कल्पना जुनी आहे. १८४६ सालीं अ‍ॅना थिन या बाईंनीं इंग्लंडच्या टॉर्की किनाऱ्यावरून कांहीं प्रवाळ लंडनला नेले. समुद्र दूर, तेव्हां पाणी ताजें राखण्यासाठीं त्यांची मोलकरीण तें एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत ओतीत बसे. पुढल्या वर्षीं बाईंनीं पाण्यांत समुद्रशैवाल लावलें आणि प्रवाळ वर्षानुवर्षें जगले. १९६१ सालीं जकार्ताच्या ली चिन एंग यांनीं अमेरिकेंतील एका मासिकांत आपली रीत सांगितली: जिवंत खडक, जिवंत प्रवाळ आणि हवेचे बुडबुडे, यंत्रांचा पसारा नाहीं. या इतिहासांत थिनबाईंचें नांव आहे, ली यांचें आहे. त्या मोलकरणीचें नांव आम्हांस कोठें आढळलें नाहीं. पहिली गाळणी म्हणावयाची तर खरोखर तीच.

या छंदांतील पुष्कळ मंडळी ‘नैसर्गिक गाळणी’ हा शब्द अशा सुरांत उच्चारतात कीं, जणूं काम आपोआप आणि फुकटांत होतें. आम्हांस तें पटत नाहीं. झेनियेनें शोषलेला मळ नाहींसा होत नाहीं. त्याचें मांस होतें. तें मांस पेटींत आहे तोंवर मळही पेटींतच आहे. वैशाखांत वीज गेली, पाणी तापलें आणि झेनिया वितळली, तर महिन्यांचा हिशेब एका रात्रींत पाण्यांत परत येतो. म्हणून तिला कापून बाहेर काढणें हाच गाळण्याचा खरा अर्धा भाग. आणि वाढ तर अशी कीं, शेतांतल्या हरळीची आठवण व्हावी! आम्हीं तिला एका सुट्या खडकावर, भोंवतीं उघडी वाळू ठेवून, बेटासारखें वेगळें बसविलें आहे. तरी ती कांचेवर चढते.

कापलेले तुकडे प्रथम स्नेह्यांनीं आनंदानें नेले. आतां प्रत्येकाच्या पेटींत आमची झेनिया आहे आणि तुकडे घेऊन गेलों कीं लोक चहा देतात, भांडें परत करतात. गेल्या दिवाळींत मालवणचा एक जुना विद्यार्थी आला. किनाऱ्यावर त्याचें पर्यटकांसाठीं घर आहे.

“सर, एक बरणी द्या मला. खडकांत सोडून बघतो. पाण्याखालीं उतरणाऱ्या लोकांना दाखवायला होईल.”

आम्हीं नाहीं म्हटलें. त्याला तो कंजूषपणा वाटला असावा. “पाणी तर समुद्राचंच आहे ना, सर?”

त्याला आम्हीं व्हेनेझुएलाच्या मोचिमा राष्ट्रीय उद्यानाची हकीकत सांगितली. झेनियेच्याच कुळांतील ‘उनोमिया स्टोलोनिफेरा’ ही जात इंडोनेशियाकडची. पेट्यांच्या व्यापारासाठीं या शतकाच्या आरंभीं ती तिकडे नेऊन समुद्रांत सोडली गेली, असें संशोधक सांगतात. तुटलेल्या तुकड्यांतून ती पुन्हां उगवते. तेथील मूळच्या प्रवाळांवर आणि समुद्रगवतावर तिनें पांघरूण घातलें. २०२० सालीं ती हवाईच्या पर्ल हार्बरमध्येंही आढळली. तो ऐकत होता, पण चेहरा पटल्याचा दिसेना. मग आम्हीं त्याला मुळामुठेच्या पुलावर नेलें. दक्षिण अमेरिकेहून शोभेची म्हणून आलेली जलपर्णी, शहराचा मळ खाऊन गलेलठ्ठ झालेली, या कांठापासून त्या कांठापर्यंत पसरली होती. पाणी कोठें दिसत नव्हतें. तिचीं जांभळीं फुलें मात्र फार सुरेख होतीं. “हीही पाणी गाळतेच,” आम्ही म्हणालों. बराच वेळ तो कठड्याशीं उभा होता. बरणी त्यानें पुन्हां मागितली नाहीं.

तेव्हांपासून तुकडे कोणालाच देत नाहीं. महिन्याच्या शेवटच्या रविवारीं कात्रीनें ताटभर झेनिया कापतों आणि गोड्या पाण्यांत बुडवितों. समुद्रांतल्या जिवाला तेवढें पुरतें. कापल्यावरही कांहीं हात मिटत-उघडत असतात, तें पाहणें सुखाचें नाहीं. नंतर ताट गच्चीवर उन्हांत ठेवतों. (सौभाग्यवतींनीं तें ताट स्वयंपाकघरांतून कायमचें बाद केलें आहे.) देह बहुतेक पाण्याचाच, कडक ऊन असलें तर संध्याकाळपर्यंत तपकिरीच्या डबींत मावेल एवढाच चुरा उरतो. महिनाभर माशांपुढें टाकलेल्या अन्नाशीं तो ताडून पाहिला तर अगदींच थोडा आहे. म्हणून दर पंधरा दिवसांनीं तीस लिटर पाणी बदलण्याचा क्रम आम्हीं सोडलेला नाहीं. बादल्या आम्हीच उचलतों.