गढूळ पाण्याची बाजू

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतली कितीतरी कुटुंबं सुट्टीत मालवणला, अंदमानला, जमलंच तर लक्षद्वीपला जातात आणि तोंडावर काच, दातांत नळी धरून पाण्याखालचे प्रवाळ आणि रंगीत मासे बघून येतात. ही हौस मला मनापासून आवडते. समुद्र फक्त किनाऱ्यावरून बघायचा नसतो, हे मराठी मध्यमवर्गाला या सहलींनीच शिकवलं. पण त्यांनी आपल्या डोळ्यांना एक सवयही लावली आहे. पाणी नितळ दिसलं की तिथे जीवन आहे असं वाटतं आणि गढूळ दिसलं की तिथे बघण्यासारखं काही नाही असं आपण ठरवून टाकतो. हीच नजर घेऊन माणूस ऐरोलीला ठाणे खाडीच्या बोटीत बसतो, तेव्हा त्याला गुलाबी रोहित पक्षी तेवढे दिसतात आणि ते ज्यावर उभे असतात तो चिखल दिसत नाही. मला वाटतं, या सफरीत बघायची खरी गोष्ट तो चिखल आहे. रोहितांच्या संख्येवरून खाडीचं आरोग्य जोखायचं आपण थांबवलं नाही, तर खाडीही हातची जाईल आणि रोहितही जातील.

आधी नितळ पाण्याविषयी. प्रवाळांचा समुद्र काचेसारखा दिसतो, कारण त्या पाण्यात पोषक द्रव्यं फार कमी असतात, त्यामुळे तरंगती सूक्ष्म वनस्पतीही कमी. प्रवाळ आपल्या शरीरातच शेवाळ बाळगतात आणि मिळालेलं अन्न तिथल्या तिथे फिरवत राहतात, म्हणून त्या तुटपुंज्या पाण्यातही एवढी वस्ती टिकते. खाडीचं गणित याच्या उलट आहे. नदी गाळ आणते, भरती-ओहोटी तो दिवसातून दोनदा ढवळते आणि पाण्यात सूर्यप्रकाश वीतभरही नीट उतरत नाही. मग इथलं अन्न तयार होतं कुठे? ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलावर. त्या काही तासांत चिखलाच्या वरच्या पातळ थरातलं शेवाळ थेट उन्हात येतं, वाढतं, आणि त्याच्यावर किडे, शंख, चिंबोऱ्या, कोळंबी, निवट्या आणि बोयची पिल्लं जगतात. मालवणला जे पाण्याखाली डोकं घालून बघायचं, ते इथे पाणी सरल्यावर बोटीत बसून कोरड्या डोळ्यांनी बघता येतं. आणि नळीचं म्हणाल तर ती इथे तिवराकडे असते. चिखलात हवा नसते, म्हणून तिवराची मुळं बोटाएवढी होऊन हजारोंनी वर येतात आणि पाणी ओसरलं की श्वास घेतात.

ठाणेकरांना बेटावर जायला विमान लागत नाही, ते बेटावरच आहेत. ठाणे स्टेशन साष्टी बेटाच्या पूर्व कडेला आहे, कळवा मुख्य भूमीवर, आणि 1854 मध्ये रेल्वे ठाण्याहून कल्याणला नेली तेव्हा ही खाडी ओलांडावीच लागली. आज डोंबिवलीहून कामाला निघालेली लाखो माणसं रोज तीच खाडी ओलांडतात आणि बहुतेकांना ती वासापुरती ठाऊक असते. त्यामुळे वन विभागाच्या कांदळवन कक्षाने ऐरोलीच्या पुलाजवळ किनारी व सागरी जैवविविधता केंद्र उभं करून तिथून बोटी सुरू केल्या, याचं मोल मी फार मानतो. या सफरीची वेळ घड्याळ ठरवत नाही, भरती ठरवते, आणि तिचा पहिला धडाही तोच. पूर्ण ओहोटीला बोट रुतते, पूर्ण भरतीला चिखल बुडतो आणि पक्षी निघून जातात. मधला जो काळ, पाणी चढू लागलंय पण कडेचा चिखल अजून उघडा आहे, तो हाताशी धरावा लागतो, आणि भरती रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकत असल्याने कालची वेळ आज चालत नाही. त्या वेळेत चिखलाच्या काठाला रोहितांची रांग लागलेली असते. चोच उलटी करून, जिभेने पाणी ओढत आणि चोचीतल्या बारीक चाळणीतून बाहेर टाकत ते शेवाळ वेगळं करतात. धाकट्या रोहिताचं मुख्य अन्न तेच, त्याच्या पिसांचा गुलाबी रंगही त्यातूनच येतो. थोरला रोहित उंच, फिकट, आणि तो चिखलातले छोटे जीवही वेचतो. त्यांच्या आसपास गॉडविटचे थवे असतात, कुरव असतात, तुतवार असतात, एकच नांगी अवाढव्य असलेले खेकडे असतात. तिवरांत कोल्हे राहतात, हे तर ठाण्यातल्या अनेकांना अजूनही खरं वाटत नाही.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे. 6 ऑगस्ट 2015 रोजी या खाडीचा सुमारे 1,690 हेक्टर भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला. मालवणनंतरचं राज्यातलं हे दुसरं सागरी अभयारण्य. 2022 मध्ये खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, 6,521 हेक्टर क्षेत्रासह. हंगामात इथे लाखाच्या वर रोहित मोजले गेले आहेत. या सगळ्यातून सामान्य वाचक एकच अर्थ काढतो: इतके पक्षी येतात म्हणजे खाडी सुधारली. हा अर्थ चुकीचा आहे. या महानगराचं सांडपाणी दशकानुदशकं खाडीत येत राहिलं. त्यातल्या नत्र-स्फुरदाने चिखलावरचं शेवाळ फोफावतं, आणि रोहितांची गर्दी वाढण्यामागे अभ्यासक हेही एक कारण सांगतात. म्हणजे ज्या गोष्टीने बोय आणि कोळंबी कमी झाली, तीच धाकट्या रोहिताच्या पथ्यावर पडली असणार. एका विशिष्ट चोचीच्या पक्ष्याला जे मानवतं, त्यावरून सगळ्या पाण्याला चांगल्या प्रकृतीचा दाखला देता येत नाही. चेंदणी कोळीवाड्यातल्या किंवा ऐरोली-दिव्याच्या जुन्या माणसाला खाडीबद्दल विचारलं तर तो पक्ष्यांची संख्या सांगत नाही, पागात काय यायचं आणि आता काय येतं ते सांगतो. तो हिशेब जास्त खरा आहे, कारण त्यात एका जातीऐवजी पाच-पंचवीस जाती धरलेल्या असतात.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. सांडपाण्याने रोहित येत असतील तर पाणी स्वच्छ केल्यावर ते कमी होतील, मग अभयारण्य कशाला उरेल? मी हे टाळून पुढे जाणार नाही. कदाचित कमी होतीलही, आणि ते आपण स्वीकारायला हवं. लाखाऐवजी काही हजार रोहित आणि भरलेलं जाळं, हा माझ्या मते तोटा नाही. पण आक्षेपात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: सगळी घाण एकाच प्रकारची असते. ती तशी नाही. शेवाळाला नत्र-स्फुरद लागतं; ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या आणि डोंबिवली-अंबरनाथच्या कारखान्यांतून येणारे जड धातू आणि रसायनं त्याला लागत नाहीत, प्लास्टिक तर कोणालाच लागत नाही. धातू चिखलात बसतात आणि तिथेच राहतात, आणि चिखल गाळून खाणारा पक्षी ते खातो. शिवाय आलेला गाळ साचत जातो. खाडीचं ठाण्याकडचं टोक अरुंद आणि उथळ, तिथे पाण्याला गाळ बाहेर लोटण्याइतका जोर नसतो. चिखल उंच झाला की त्यावर तिवर रुजतात आणि उघडी चिखलपट्टी आक्रसते. ज्या गाळाने आज रोहितांचं ताट वाढलं, तोच उद्या ते उचलून नेणार.

इथे कायद्याबद्दल थोडं बोलणं भाग आहे. कांदळवनांना मुंबई उच्च न्यायालयाच्या 2005 च्या आदेशाने आणि 2018 च्या निकालाने भक्कम आधार दिला, आणि त्यासाठी न्यायालयात गेलेल्या संस्थांचे आपण सगळे ऋणी आहोत. किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत चिखलपट्ट्याही सर्वाधिक संरक्षणाच्या वर्गात आहेत. तरी व्यवहारात तिवराला जी माया मिळते ती चिखलाला मिळत नाही. तिवर हिरवं आहे, उपग्रहातून दिसतं, देशाच्या वन अहवालात त्याचं क्षेत्रफळ छापून येतं. चिखल रिकामा दिसतो आणि रिकाम्या जागेवर काहीतरी करावं अशी आपल्याला सतत घाई असते. भरतीच्या वेळच्या जागांचं तर त्याहून अवघड. पाणी चढलं की रोहितांना टेकायला उथळ तळी लागतात, नेरुळ-सीवूड्सकडची तळी त्यासाठीच महत्त्वाची. ती अभयारण्याच्या रेषेबाहेर आहेत. 2024 मध्ये त्यातल्या एका तळ्यात भरतीचं पाणी येणं थांबलं, तळं आटत गेलं आणि रोहित मेलेले सापडले. ओहोटीचं घर राखून भरतीचं घर मोडलं, तर पक्ष्याच्या दृष्टीने घर राहतच नाही.

दुसरा आक्षेप सफर चालवणाऱ्यांच्या बाजूचा: लोक गुलाबी पक्ष्यांसाठी पैसे मोजतात, चिखलासाठी कोण मोजेल? मान्य. तिकिटावर रोहितच असू द्यावा. पण बोटीत बसलेला माणूस तासभर दुसरीकडे कुठे जाऊ शकत नाही, ऐकायच्या तयारीत असतो, आणि चिखल समजावून सांगायला यापेक्षा चांगली जागा नाही. निवटी पाण्याबाहेर कशी जगते, उधाण म्हणजे काय आणि भांग म्हणजे काय, जाळं कुठे लावतात आणि आता का लावत नाहीत, हे खाडीवर वाढलेल्या कोळ्याने सांगितलं तर मुलं रोहितांपेक्षा ते जास्त लक्षात ठेवतील असा माझा विश्वास आहे. तिसरा आक्षेप याच्या उलट टोकाचा, की बोटीच नकोत, पक्षी बिचकतात. बोट थव्यात घुसवली तर बिचकतात, हे खरं, आणि जवळून फोटो हवा म्हणून चालकाला पुढे रेटणाऱ्या प्रवाशांना थांबवायलाच हवं. मालवणला प्रवाळांचं नुकसान नांगरांनी आणि पायांनी केलं आहे, तिथलं अभयारण्य 1987 पासून कागदावर असूनही. पण न पाहिलेल्या खाडीचं काय होतं ते आपण पाहिलं आहे. बोटींची संख्या ठरलेली, अंतर पाळलेलं आणि इंजिन हळू, एवढं सांभाळलं तर दहा थवे उडण्यापेक्षा शंभर माणसं शहाणी होण्याचं पारडं मला जड वाटतं.

हा सगळा विचार लवकरच डोंबिवली-कल्याणच्या दारात येणार आहे. 2016 च्या कायद्याने कल्याण-ठाणे-मुंबई हा उल्हास आणि वसई खाडीतला मार्ग राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 53 ठरला, आणि प्रवासी जेट्टींच्या योजनेत कोलशेत आणि डोंबिवली आहेत. लोकलच्या दाराला लटकणाऱ्या माणसाला पाण्यावरून जाता येणार असेल तर त्याला विरोध करणं मला शक्य नाही. दुर्गाडीच्या पायथ्याशी जिथे शिवाजी महाराजांच्या आरमाराची उभारणी सुरू झाल्याचं सांगतात, त्या कल्याणला पुन्हा बोटी लागाव्यात असंही वाटतं. पण उथळ खाडीत बारमाही बोट चालवायची तर गाळ उपसावा लागेल. तो कोणत्या पट्ट्यातून काढणार, त्यात कोणते धातू आहेत याची तपासणी कोण करणार, तो टाकणार कुठे, आणि कोपर-मोठागावच्या काठावर जे आज चिंबोऱ्या धरतात त्यांना याबद्दल विचारणार का, या प्रश्नांची उत्तरं उपसा सुरू होण्याआधी लोकांसमोर मांडली गेली पाहिजेत.