वीतभर दोरा

धाकटा काका न्यूयॉर्कला निघाला ते साल १९८३. गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत आठवडाभर मेतकूट, गोडा मसाला आणि भाजणी यांचा वास भरून होता. काका बॅग उचलून वजनकाट्यावर उभा राहायचा आणि आम्ही भावंडं त्यातून त्याचं वजन वजा करायचो.

“किती हो लांब?” आजीनं विचारलं. अण्णांनी, म्हणजे आमच्या आजोबांनी, तिच्याच शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला. भिंतीवरच्या नकाशात तो अरबस्तान, इजिप्त, मोरोक्को करत सरळ अटलांटिकपार गेला. मग त्यांनी पृथ्वीचा छोटा गोल पुढ्यात ओढला. एक टोक मुंबईवर मी दाबून धरलं, दुसरं न्यूयॉर्कवर ताईनं. दोरा ताणला तसा तो वर सरकला. अफगाणिस्तान, रशिया, स्वीडन, आइसलंड, मग ग्रीनलंडच्या टोकाजवळून खाली. “गोलावर हीच जवळची वाट,” अण्णा म्हणाले. दोरा भरला २० सेंटिमीटर. विषुववृत्ताभोवती गुंडाळला तो ६४. पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर; त्रैराशिकानं उत्तर आलं १२,५००. आजीनं दोऱ्यावर वीत टेकवली आणि म्हणाली, “एवढंच तर आहे.”

काकाचं विमान मात्र लंडनला थांबून पुढे जाणार होतं. त्याच्या हातावर दही घालून निम्मी चाळ सहारला पोचवायला गेली. तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे काकाचा फोन आला तो तिसऱ्या दिवशी. “पोचलो” एवढं ऐकेपर्यंत आजीनं देवापुढची समई विझू दिली नव्हती. पुढे निळी एरोग्रामं येत राहिली, प्रत्येक दहा-बारा दिवस जुनं. पत्रात सर्दी असली, तर वाचेपर्यंत ती बरी झालेली असायची. तरी आजी काढ्याची कृती लिहायला सांगायचीच. घड्याळातला साडेनऊ-साडेदहा तासांचा फरक तिनं आपल्या परीनं बसवला होता: आपण शुभंकरोति म्हणतो तेव्हा तो कामाला निघतो.

आता ताईची मुलगी तिकडे असते. थेट विमानानं जायला साधारण सोळा तास; येताना पश्चिमेचा वारा पाठीशी असतो, म्हणून चौदा-पंधरा. मोबाइलवर विमान सरकताना दिसतं आणि त्याची वाट बरीचशी अण्णांच्या दोऱ्यासारखीच वर वळते. आम्ही भावंडं, आता साठीतली, आपापल्या घरून तो ठिपका बघत बसतो. कुणीतरी ग्रुपवर लिहितं, “आइसलंड आलं.” कुणीच झोपत नाही. विमान उतरल्याचं मोबाइल सांगतो, पण तेवढ्यावर भागत नाही. तिचं स्वतःचं “पोचले” येतं, तेव्हा ताई उठते आणि समई शांत करते.